एक चाल राहिली

बालमित्रांनो,

दिवाळीत तुमच्यापैकी पुष्कळांनी किल्ला केला असेल. दगड-विटा रचल्या असतील, गोणपाट टाकून वर चिखल थापला असेल, हळीव पेरून हिरवंगार गवत उगवलं असेल. सिंहासनावर महाराज, दरवाजात तोफा, बुरुजाबुरुजावर मावळे! मग तुळशीचं लग्न होतं, किल्ल्याची माती कुंड्यांमध्ये जाते आणि मावळे बुटांच्या खोक्यात बसून माळ्यावर जातात. थेट पुढच्या दिवाळीपर्यंत!

आमच्या घरीही दरवर्षी असंच व्हायचं. पण तीन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव खोक्याला सुतळी बांधता बांधता म्हणाले, "बाबा, हे मावळे नुसते उभेच राहतात. लढत कधीच नाहीत!"

चिरंजीव तेव्हा पाचवीत होते. त्यांच्या या एका वाक्याने आमच्या घरात लढाई सुरू झाली. ती कशी झाली आणि शेवटी तह कसा झाला, ते आज सांगतो. सांगताना थोडी लाज वाटणार आहे. कारण या गोष्टीत चुकलेला विद्यार्थी दुसरातिसरा कोणी नसून मीच आहे.

चिरंजीवांचं बोलणं ऐकलं आणि मला एच. जी. वेल्स यांची आठवण झाली. काळाच्या यंत्रात बसून भविष्यात जाणारा माणूस, मंगळावरून पृथ्वीवर चाल करून येणारे जीव, अशा कादंबऱ्या लिहिणारा हा इंग्लंडचा लेखक. एवढा मोठा माणूस, पण घरी आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर लोळून खेळायचा. त्या खेळांवर त्याने चक्क दोन पुस्तकं लिहिली. १९११ साली 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ साली 'लिटल वॉर्स', म्हणजे छोट्या लढाया.

या दुसऱ्या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांनी लढायचं कसं, याचे नियम आहेत. त्या काळी स्प्रिंगवर चालणारी एक छोटी तोफ मिळायची. तिच्यातून लाकडाचा तुकडा सुटायचा आणि आठ-नऊ यार्डांवरचा शिपाई धाडकन आडवा व्हायचा. वेल्स सांगतो, की सुरुवात जेवणानंतर झाली. एका मित्राने सहज तोफ उचलली, नेम धरला आणि समोरचा शिपाई पाडला. झालं! दोघेही मोठे पुरुष, पण त्यांना राहवेना. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मांडून डोंगर तयार झाले, लाकडी ठोकळ्यांची घरं झाली. पुढे तर रणभूमीच्या मधोमध पडदा लावायची पद्धत पडली. पडद्याआड दोघांनी आपापलं सैन्य लपवून मांडायचं, मग पडदा काढायचा. पायदळाने एका चालीत एक फूट सरकायचं, घोडदळाने दोन फूट. बुद्धिबळासारखाच खेळ हा, पण चौकटी नसलेला.

मी हे चिरंजीवांना सांगितलं मात्र, माळ्यावरचं खोकं पुन्हा खाली आलं!

महाराजांची मूर्ती तेवढी आजींनी काढून घेतली. "त्यांना तुमच्या फाशांवर लढवायचं नाही," असा हुकूम झाला. बाकीचे मावळे जेवणाच्या टेबलावर उतरले. समोर शत्रू म्हणून हिरवे प्लास्टिकचे शिपाई. मराठी-इंग्रजी शब्दकोशाची टेकडी, निळ्या ओढणीची नदी. आमचं टेबल लहान, म्हणून वेल्सचे नियम निम्मे केले. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा इंच. तोफेऐवजी सापशिडीचे फासे.

पहिली लढाई आम्ही घोडखिंडीची मांडली. १६६० साली बाजीप्रभूंनी जी लढवली आणि पुढे जी पावनखिंड झाली, तीच. या लढाईची गंमत अशी, की बाजीप्रभूंकडे माणसं थोडी आणि शत्रू अफाट. समोरच्याला हरवणं हे त्यांचं काम नव्हतंच. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा, हे त्यांचं काम. म्हणून आम्ही नियम केला, की बारा चाली खिंड टिकली तर मावळे जिंकले. चिरंजीव श्वास रोखून चाली मोजत होते. बारावी चाल झाली तेव्हा खिंडीत तीनच मावळे उभे होते. पोराने अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या काकू विचारायला आल्या!

आता इथवर सगळं छान होतं, नाही का?

पुढच्या रविवारी शेजारच्या शाळेतले एक सर सहज आले आणि तिथेच रमले. त्यांच्यामागून बँकेतले एक काका आले. मग त्यांचा पुतण्या, कॉलेजात जाणारा. त्याने तर इंटरनेटवर शोधून सगळी माहितीच आणली, की जगभर हा मोठा छंद आहे, याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात, इंचभर उंचीचे सैनिक विकत मिळतात, ते आपण रंगवायचे, नाकाडोळ्यांसकट! मग काय विचारता? सैनिक आले. बारीक ब्रश आले. रंगांच्या बाटल्या आल्या. वह्या तपासून झाल्या, की मी रात्री दिव्याखाली भिंग लावून घोड्यांच्या शेपट्या रंगवू लागलो.

रविवारी सकाळी दहाला मंडळी जमायची, ती पाच वाजेपर्यंत उठायची नाहीत. नियमांची वही चार पानांवरून चाळीस पानांवर गेली. कोणाला टेकडीआडून दिसतं आणि कोणाला दिसत नाही, यावर अर्धा अर्धा तास वाद! आणि ज्याच्यासाठी हा डाव मांडला होता, ते चिरंजीव काय करत होते? कोपऱ्यात बसून खाली पडलेले फासे उचलून देत होते. ते मला दिसलंच नाही. टेकडीआडचा शत्रू मात्र बरोबर दिसायचा!

तीन महिने असे गेले. एक दिवस मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गशिक्षिका बाई एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. आमची धाकटी त्यांच्याच वर्गात. म्हणाल्या, "सर, हा निबंध वाचा. शुद्धलेखन फार चांगलं आहे हो तुमच्या मुलीचं." आणि वही ठेवून निघून गेल्या.

निबंधाचा विषय होता 'माझा रविवार'. तो असा होता:

'रविवारी आमच्या घरी लढाई असते. काका लोक येतात. आई खूप वेळा चहा करते. टेबलावर सैनिक असतात म्हणून आम्ही खाली बसून जेवतो. टेबलाला धक्का लावायचा नाही. हळू बोलायचं. बाबांना हाक मारली की ते म्हणतात, थांब, एक चाल राहिली. मला सोमवार आवडतो. सोमवारी बाबा शाळेत भेटतात.'

मुलांनो, इतकी वर्षं मी निबंध तपासतो आहे. हातात लाल पेन होतं. पण या निबंधात खूण करायला जागाच नव्हती. एक वेलांटी चुकलेली नव्हती आणि एक वाक्य खोटं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तो निबंध घरी वाचून दाखवला. मला वाटलं होतं, सगळे रागावतील. कोणीच रागावलं नाही. धाकटीची आई पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

पहिल्यांदा मनात आलं, की सगळे सैनिक खोक्यात भरावेत आणि माळ्यावर टाकावेत. कायमचे! मी तसं बोललोही. त्यावर आजी म्हणाल्या, "भाजी खारट झाली म्हणून कोणी जेवण सोडतं का? मीठ कमी घाल." शिवाय चिरंजीवांचा चेहरा इतका पडला, की तो विचार तिथेच बारगळला.

मग मी वेल्सचे नियम पुन्हा वाचायला काढले. पहिल्या वेळी जे नजरेतून निसटलं होतं, ते आता दिसलं. त्याच्या खेळात घड्याळ होतं! चाल करायला वेळ मोजून मिळायचा. दर तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. म्हणजे एकशे दहा सैनिक आणि तीन तोफा असल्या, तर साधारण सात मिनिटं. वेळ संपली, की हात थांबलाच पाहिजे. जे हलवायचं राहिलं, ते राहिलं. आमच्या चाळीस पानांच्या वहीत घोड्याच्या टापांपर्यंत सगळ्याचे नियम होते, पण घड्याळाचा एकही नव्हता. पावनखिंडीच्या बारा चाली मोजणारे आम्ही, घरातले तास मोजायला विसरलो होतो.

वेल्सच्या घरी तरी सगळं सुरळीत होतं असं समजू नका हं! त्याने गमतीने लिहिलं आहे, की सुरुवातीला पाहुण्या बायका यायच्या आणि डाव अर्ध्यावर मोडायचा. दोन प्रौढ गृहस्थ जमिनीवर ओणवे होऊन शिपाई मांडताहेत, हे पाहून त्या नाकं मुरडायच्या. त्यांचं काय चुकलं? बसायच्या खोलीत पाहुण्यांनी बसायचंच असतं!

मग इतरांनी काय केलं, हे मी शोधलं. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहत होते. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना थंड, कोरड्या हवेत पाठवलेलं. बरोबर बायको आणि तिचा मुलगा लॉइड ऑसबर्न, तेरा वर्षांचा. बापलेकांनी खेळासाठी घरातला माळा निवडला. तिथल्या जमिनीवर खडूने नकाशा काढला. डोंगर, नद्या, रस्ते, गावं, सगळं त्यात. एकेक मोहीम आठवडेच्या आठवडे चालायची. माळ्यावर कोणाची वर्दळ नसे. त्यामुळे डाव तसाच ठेवून जेवायला खाली येता येई. आणि आणखी एक मजा म्हणजे स्टीव्हन्सन त्या लढाईची खोटी खोटी वर्तमानपत्रंही लिहीत! त्यात सेनापतींवर टीका, अफवा, सगळं असे.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं लहान गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. विमा कंपनीत नोकरी, घरात मुलंबाळं, आणि तळघरात वाळू भरलेलं भलंमोठं टेबल. त्यावर छोट्या सैनिकांच्या लढाया चालत. १९६७ साली त्यांनी खेळाडू मित्रांना घरीच बोलावलं. पुढच्या वर्षी घर पुरणार नाही हे ओळखून गावातला एक सभागृह भाड्याने घेतला. त्या मेळ्याचं नाव 'जेन कॉन'. तो अजूनही दरवर्षी भरतो. २०२३ साली तिथे सत्तर हजारांहून जास्त माणसं आली होती. पण १९७० साली त्यांची नोकरी गेली होती, आणि पाच मुलांचं घर चालवायला त्यांनी घरीच चपला-बूट दुरुस्त करायचं काम केलं, हेही लक्षात ठेवा. खेळाचं टेबल कितीही मोठं असलं तरी चूल वेगळीच असते. याच माणसाने पुढे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या जगप्रसिद्ध खेळाची डेव्ह आर्नेसन यांच्याबरोबर रचना केली. तो खेळ त्यांनी पहिल्यांदा कोणाबरोबर खेळून पाहिला, ठाऊक आहे? घरातल्याच दोघांबरोबर, आपल्या मुलाबरोबर आणि मुलीबरोबर!

या तिघांकडून मी एकेक गोष्ट घेतली आणि घरात तहाची बोलणी सुरू झाली. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले होते. मला फक्त जेवणाचं टेबल द्यावं लागलं. आमच्या तहाची कलमं अशी:

कलम पहिलं. लढाई एक रविवार सोडून एक. दुपारी तीन ते सहा. गजराचं घड्याळ आजींच्या ताब्यात. गजर झाला, की हातातला सैनिक हातातच राहणार. 'एक चाल राहिली' हे वाक्य या घरात बंद.

कलम दुसरं. रणभूमी टेबलावर नाही, प्लायवूडच्या फळीवर. डाव अर्धा राहिला तर मोबाइलवर फोटो काढायचा, सैनिक डब्यात ठेवायचे आणि फळी पलंगाखाली सरकवायची. पुढच्या वेळी फोटो बघून डाव पुन्हा लावायचा.

कलम तिसरं. चाळीस पानांची वही रद्द. नियम एका पानावर मावले पाहिजेत आणि ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला समजले पाहिजेत. सेनापती चिरंजीव. काका लोकांनी त्यांच्या हाताखाली लढायचं.

कलम चौथं. खेळायला येईल त्याने आपली कपबशी विसळायची. चहा पाळीपाळीने. पहिली पाळी माझी.

कलम पाचवं. नवे सैनिक वाढदिवसालाच. आधी आहेत ते रंगवून पुरे करायचे.

कलम सहावं चिरंजीवांनी सुचवलं. माणसं पाचाच्या वर झाली, की लढाई घरात नाही, समाजमंदिरात. आता महिन्यातून एकदा तिथे सगळे जमतो. गल्लीतली मुलंही येतात. येताना प्रत्येक जण घरचं कोणी ना कोणी बरोबर आणतो.

आणि धाकटी? तिला सैनिकांत फारसा रस नाही. "सगळे एकसारखेच उभे राहतात," असं तिचं मत आहे. पण स्टीव्हन्सनच्या वर्तमानपत्राची गोष्ट सांगितल्यावर मात्र तिचे डोळे चमकले. आता ती आमच्या लढायांची वार्ताहर आहे. वहीच्या एका पानावर तिचं वर्तमानपत्र निघतं. परवाची ठळक बातमी होती, 'शत्रू हरला. बाबांनी केलेल्या चहात साखर नव्हती.'

हे सगळं सुरळीत चालतं का? नाही बरं का. मागच्या महिन्यात गजर झाला तेव्हा माझं घोडदळ अगदी विजयाच्या दारात होतं. मी आजींकडे आशेने पाहिलं. त्यांनी घड्याळ पदराखाली धरलं आणि देवापुढे दिवा लावायला उठल्या. धाकटी वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडेच बघत होती, काय छापायचं म्हणून! मी घोडेस्वार डब्यात ठेवला.

एक गोष्ट राहिली. बऱ्याच जणांना वाटेल, गुरुजी मुलांना लढाईचा खेळ कसा शिकवतात? ज्या वेल्सने हे नियम केले, त्यालाच खऱ्या लढाईचा तिटकारा होता. छोट्या लढाया चार वेळा खेळून पाहा म्हणजे खरी लढाई केवढी आंधळी आणि वेडगळ असते ते कळेल, अशा अर्थाचं त्याने पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवलं आहे. पुस्तक आलं १९१३ साली. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. टेबलावर पडलेला सैनिक उचलून पुन्हा उभा करता येतो. खऱ्या लढाईत ते जमत नाही. हा फरक बोटांना कळला, तर खेळाचं सार्थक झालं.

तुम्हाला खेळून पाहायचंय ना? मग खोकं काढा. दोन्हीकडे दहा दहा सैनिक घ्या. पायदळ सहा इंच, घोडा बारा इंच. नेम धरायचा तर अंतर बारा इंचांच्या आत हवं. फाशावर पाच किंवा सहा पडले तर समोरचा बाद. तो भिंतीआड असेल तर फक्त सहावर. अंगाला अंग भिडलं, की दोघांनी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. प्रत्येक चालीला दोन मिनिटं, आणि सगळ्या डावाला एक तास. घड्याळ मात्र खेळात नसलेल्या माणसाकडे द्या!

आई-बाबांसाठी चार ओळी: जुने शिशाचे सैनिक घरात असतील तर लहान मुलांच्या हाती देऊ नका, शिसं विषारी असतं. रंगकाम झाल्यावर मुलांना हात धुवायला लावा. बारीक तुकडे रांगत्या बाळापासून दूर ठेवा. आणि छंद मुलाचा असेल तर तो मुलाचाच राहू द्या. आपण मोठी माणसं फार लवकर त्याचे सेनापती होतो. छंद तुमचा स्वतःचा असेल, मग तो क्रिकेटचा असो, भजनी मंडळाचा असो की मोबाइलचा असो, तर एकदा घरातल्या लहान मुलाला 'माझा रविवार' हा निबंध लिहायला सांगा. वाचताना लाल पेन बाजूला ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्या घरात कोणता तह झाला, किंवा व्हायला हवा, ते मला पत्राने जरूर कळवा. कलमं नीट क्रमांक घालून लिहा. अक्षर सुवाच्य हवं बरं का! आमच्या घरच्या वार्ताहराने कबूल केलंय, की निवडक कलमं ती आपल्या वर्तमानपत्रात छापणार आहे.

तुमचे,
गुरुजी